कच्च्या टायरवरचं कुंकू

चिंचवड स्टेशनबाहेर पडलो तेव्हा नुकतं उजाडलं होतं. रस्त्याच्या कडेला वीस-पंचवीस माणसं डबे घेऊन उभी होती. एक पांढरी बस आली, सगळे रांगेने चढले, म्हणून मीही चढलो. आमच्या परभणीत बसमध्ये असं रांगेने कोणी चढत नाही. शंका यायला हवी होती, पण रात्रभराचा प्रवास झालेला; खिडकीला डोकं टेकलं आणि झोपलो.

जाग आली ती शेजाऱ्याच्या धक्क्याने. "काका, आलं गेट. कुठल्या डिपार्टमेंटला तुम्ही?"

"मला मारुंजीला उतरायचंय," मी म्हणालो.

अख्खी बस हसली. ती कंपनीची बस होती. कामगारांना घेऊन ती थेट चाकणला, गाड्यांचे शॉक ॲब्सॉर्बर बनवणाऱ्या कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली होती. माझा मेहुणा राहतो ती मारुंजी राहिली पार दुसऱ्या टोकाला. गेटवरचा रखवालदार हिंगोलीचा निघाला. आपल्याकडचा माणूस म्हणून त्याने चहा पाजला आणि माझ्या मेहुण्याला फोन लावून दिला. तासाभरात प्रकाश मोटरसायकलवर आला. हेल्मेट काढून माझ्याकडे बघत राहिला.

"दाजी, पाहुणे घरी येतेत. तुम्ही डायरेक्ट ड्यूटीवर आलात."

मी आलो होतो तेही एका ड्यूटीवरच. प्रकाश माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. चाकणच्या एका टायर कंपनीत तो टेस्ट ड्रायव्हर आहे. म्हणजे कंपनी नवीन टायर करते, ते गाडीला लावतात, आणि ती गाडी हा ट्रॅकवर अडीचशेच्या वेगाने पळवतो, ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारतो, वळणात मुद्दाम घसरवतो. आणि मग खाली उतरून टायर कसा आहे ते सांगतो. त्याची बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. माझ्या बायकोने, म्हणजे सुनंदाने, मला बजावून पाठवलं होतं. "त्याला म्हणावं, आता लेकराचा बाप होणार तू. आता तरी ते पळवणं सोड. कंपनीत दुसरं काम माग. तुमचं ऐकतो तो."

माझं कोणी ऐकतं हा तिचा जुना गैरसमज आहे. मी शाळेत विज्ञान शिकवतो. सातवीला घर्षण शिकवताना फळ्यावर टायर काढतो आणि म्हणतो, घर्षण नसतं तर गाडी थांबली नसती. इतकंच मला टायरबद्दल ठाऊक. पण शिल्लक रजा होती, दसरा जवळ होता, म्हणून निघालो.

चाकण, खंडेनवमी

खंडेनवमीला आमच्या शाळेत आम्ही प्रयोगशाळेतल्या तराजूला फूल वाहतो. इकडे अख्खा औद्योगिक पट्टा झेंडूने भरून जातो. ट्रक, क्रेन, फोर्कलिफ्ट, रस्त्याकडेच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर, सगळ्यांना हार. त्या दिवशी प्रकाशच्या कंपनीत घरच्या माणसांना तासभर आत सोडतात. गेटवर मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, पायात कंपनीचे बूट दिले आणि रखवालदाराने सांगितलं, "कशालाही हात लावायचा नाही." मी मान हलवली.

आत गंधकाचा आणि तापलेल्या रबराचा वास होता. जिथे नवे टायर घडवतात त्या खोलीत मात्र दवाखान्यासारखी स्वच्छता. मधोमध एक फिरतं पिंप. त्यावर एकेक थर गुंडाळत टायर तयार होतो. आधी आतलं रबर, मग धाग्यांचं कापड, मग पोलादी तारांच्या पट्ट्या, त्यावर नायलॉनचा दोरा आणि सगळ्यात वर रस्त्याला टेकणारी जाड पट्टी. असा बांधलेला कच्चा टायर मऊ, नक्षी नसलेला, एखाद्या काळ्या माठासारखा दिसतो. पुढे तो साच्यात वाफेच्या दाबाखाली शिजतो तेव्हा त्याचा टायर होतो.

तिथल्या प्रमुख कुलकर्णी मॅडम. बारीक अंगाच्या, केस पिकलेले, बोलणं हळू. त्यांनी मला समजावलं, "सर, साध्या गाडीचा टायर टिकला की झालं. स्पोर्ट्स कारचा टायर म्हणजे तीन भावांची वाटणी आहे. रस्ता घट्ट धरायचा म्हणून रबर मऊ केलं की तो लवकर झिजतो. टिकाऊ केलं की ओल्या रस्त्यावर सरकतो. एकाला जास्त दिलं की दुसरा रुसतो. आणि वेगात तो सगळाच बाहेर फेकला जायला बघतो. ते बांधून ठेवायचं काम या नानांचं."

नाना कोपऱ्यात उभे होते. महाळुंग्याचे. पूर्वी जिथे त्यांचा कांदा असायचा तिथे आता कारखाने आहेत. जमीन गेली तेव्हा नोकरी मिळाली, आणि तेव्हापासून ते टायर बांधतायत. नवीन नमुन्याचे पहिले टायर त्यांच्याच हातचे असावेत असा मॅडमचा आग्रह. ते प्रत्येक पट्टी लावण्याआधी तळवा तिच्या पोटावरून, म्हणजे खालच्या थराला चिकटणाऱ्या बाजूवरून, फिरवतात. हे कंपनीच्या कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही.

"येंत्र हाय की तपासायला," नाना म्हणाले. "पर माझ्या हाताला तपासल्याबिगर करमत न्हाई."

या वेळचं काम मोठं होतं. परदेशातल्या एका गाडी कंपनीची माणसं पुढच्या आठवड्यात येणार होती. सोळा टायर बांधायचे, प्रकाशने ते त्यांच्यासमोर पळवायचे. आवडले तर इथे घडलेला टायर पहिल्यांदाच त्यांच्या गाडीला लागणार.

पूजा सुरू झाली. लोखंडावर पाण्यातलं कुंकू टिकत नाही, म्हणून गोडेतेलात कालवलेलं कुंकू वाटीत होतं. नानांनी वाटी माझ्यापुढे धरली. "पावणं, तुमी लावा. आमच्या परकाशचं दाजी तुमी."

मानाने माणूस फुगतो. मी पिंपाला लावलं, कात्रीला लावलं, रुळांना लावलं. सगळे नारळ फोडायला पुढच्या यंत्राकडे वळले. मी मागे राहिलो. शेजारी फडताळात त्या जाड पट्ट्या एकाखाली एक ठेवलेल्या, वर कापड. याच रस्त्याला टेकणार, यांच्यावरच आमचा प्रकाश बसणार, असं मनात आलं. देवाधर्माचं मी फारसं करत नाही. पण त्या वेळी बायकोचा चेहरा समोर आला आणि मी कापड उचललं, एका पट्टीची कड वर केली आणि कुणाला दिसणार नाही असा पोटाकडून एक ठिपका लावला. हात जोडले. कापड नीट केलं.

रखवालदाराने सांगितलेलं मला आठवलं नाही असं नाही. मी स्वतःशी म्हणालो, हात कुठे लावला, बोट तर लावलं.

महाळुंगे, दसरा

नानांनी जेवायला बोलावलं होतं. गावात शिरताना एका बाजूला काचेची कार्यालयं आणि दुसऱ्या बाजूला गोठे. नानांचं घर दुमजली, पण दारात दोन खोंडं बांधलेली. शर्यतीची. इकडे बैलगाड्याच्या शर्यतीचं वेड मोठं. आमच्याकडे पोळ्याला बैल सजवतात आणि दुसऱ्या दिवशी औताला जुंपतात. नानांचे बैल औत ओढत नाहीत. त्यांना अंडी-दूध मिळतं आणि गावच्या जत्रेत घाटावर, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, ते काही सेकंदच पळतात.

"एवढ्या काही सेकंदांसाठी वर्षभर राबता?" मी विचारलं.

"मग? परकाश तरी काय येगळं करतो?" नाना हसले. "बैलाचा पाय सुटला की गाडा गेला. त्याच्या गाडीचं बी तेच हाय. पळणाराला समदं जग बघतं, पावणं. पाय कुठं टेकला ते कोण बघत न्हाई. त्ये आमी बघायचं."

नानांच्या पत्नीने पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार. आमच्याकडे पोळीबरोबर दूध घेतो, इथे कटाची आमटी, आणि ती अशी झणझणीत की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं मला घरची आठवण झाली. आणखी एक पोळी पडली. निघताना काकूंनी राहिलेल्या पोळ्या प्रकाशच्या डब्यात बांधून दिल्या आणि दुसऱ्या दिवशी नानांच्याही डब्यात त्याच जातील असं सांगितलं.

परतताना मी सुनंदाचा निरोप प्रकाशला दिला. देहूरोडच्या सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "दाजी, यंत्र आकडे देतं. पण टायर रस्त्याचा हात सोडायच्या जरा आधी सीटमधून काहीतरी कळतं. ते सांगणारा माणूस लागतो. ते मला येतं. दुसरं मला काही तितकं येत नाही."

"भीती नाही वाटत?"

"वाटते की. पण नानांनी बांधलेला असला की कमी वाटते."



चाकण-तळेगाव रस्ता

पुढचे चार-पाच दिवस मी मारुंजीच्या प्रकाशच्या फ्लॅटमध्ये दिवसभर एकटाच. खाली सकाळी सगळी इमारत पाठीवर सॅक लावून हिंजवडीकडे जायची. मी चहा करायचो, तो उतू घालवायचो, ओटा पुसायचो. प्रकाश संध्याकाळी बातमी आणायचा. सोळाही टायर बांधून झाले, शिजून झाले. ट्रॅकच्या चाचणीआधी सगळे आतून किरणांनी तपासले. कुठे हवेचा बुडबुडा नाही. पहिली धाव चार टायरांवर, दुसऱ्या दिवशीची दुसऱ्या चारांवर.

पहिल्या धावेच्या आदल्या दुपारी त्याने मला रस्त्यावरच्या ढाब्यावर जेवायला नेलं. पिठलं, ठेचा आणि तव्यावरची गरम भाकरी. मी सहज विचारलं, "टायर फुटतो म्हणजे नेमकं काय होतं रे?"

त्याने भाकरीचा पापुद्रा दोन बोटांनी उचलला. "हे असं. दोन थर सुटतेत. आत हवा असली तर मशीनला दिसते. पण थर नुसते एकमेकाला टेकलेत, चिकटले नाहीत, तर ते मशीनलाही दिसत नाही. टायर मस्त वाटतो. तापला, दोनशेच्या वर गेला, की वरची पट्टी सालीसारखी निघते."

"आणि तसं होतं कशानं?"

"कशानंही. धूळ, घाम. तेलाचं एक बोट लागलं तरी पुरे."

मी उठून हात धुवायला गेलो. तिथे आरसा होता, त्यात पाहिलं नाही. एवढ्याशा ठिपक्याने काय होतंय, असं म्हणून पाहिलं. शिजताना जळून गेला असेल, असंही म्हणून पाहिलं. मग नानांचा विचार आला. पूजा त्यांच्या भरवशावर, वाटी त्यांनी माझ्या हातात दिलेली. मी बोललो तर जाब त्यांना विचारणार. मी नाही बोललो तर उद्या सकाळी प्रकाश गाडीत बसणार. नळ तसाच वाहत होता. ढाब्यावरचा माणूस ओरडला, "ओ काका, पानी बंद करा की राव!"

परत येऊन बसलो आणि सांगितलं. एका दमात नाही. आधी तराजूला फूल वाहण्यापासून सुरुवात केली, इतका मी भ्यालो होतो.

प्रकाशने भाकरी खाली ठेवली. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"किती मोठा ठिपका?"

"बोटाच्या टोकाएवढा."

"कोणत्या बाजूनं?"

"पोटाकडून."

"कितवी पट्टी?"

"मधली एखादी... मोजली नाही."

"उठा," तो म्हणाला. "बसा गाडीवर."

पुन्हा कंपनीत

गेटशेजारच्या पाहुण्यांच्या खोलीत मी कुलकर्णी मॅडमना तेच पुन्हा सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. नानांना बोलावलं. नाना टोपी हातात घेऊन आले, माझ्याकडे पाहून हसले. मग मॅडमनी सांगितलं आणि ते हसू हळूहळू गेलं.

"पण नाना, तुम्ही तर हात फिरवता," मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला कसं कळलं नाही?"

मला वाटलं, नाना म्हणतील नाही कळलं. कोणी काही बोलू शकलं नसतं. पट्टीच्या पोटावरून हात फिरवणं त्यांचं कामच नव्हतं. माझी चूक माझ्यापाशी राहिली असती.

नानांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"कळलं व्हतं," ते म्हणाले. "बुळबुळीत लागलं. पर मी नुकताच डबा खाऊन आल्तो. पुरणपोळी, तूप. मला वाटलं, हात निट धुतला न्हाई आपण, आपलाच हात तुपकट हाय. म्हून हात पुसला फडक्यानं. पट्टी न्हाई पुसली."



"येवढ्या सालात पयल्यांदा हातानं सांगितलं आन् मी हाताचंच खोटं ठरीवलं," नाना म्हणाले. "डब्यानंतरचा हाय त्यो. कितवा, ते न्हाई सांगता येत."

मॅडमनी खिडकीबाहेर पाहिलं. परदेशी पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. मग त्या म्हणाल्या, "डब्यानंतरचे नाही. सगळे कापायचे. सोळाही."

मी म्हणालो, "मॅडम, मी बाहेर थांबतो."

"नाही सर. तुम्ही या. तुम्ही बघायला हवं."

टायर करवतीने उभे कापले. त्यांचे हातभर लांबीचे तुकडे केले आणि एका यंत्राच्या चिमट्यात धरून वरचा थर खालच्यापासून ओढला. चांगला टायर सुटत नाही. रबर फाटतं, दोन्ही बाजूंना खरखरीत, केसाळ दिसतं, जसं चामडं ओढून फाडावं. पहिला असा फाटला. दुसरा तसाच. प्रत्येक वेळी यंत्र कण्हल्यासारखं करायचं. नाना चिमट्यापाशी उभे होते, आणि दर तुकड्याच्या फाटलेल्या जागेवरून त्यांचा तळवा आपसूक फिरत होता. आपलंच बांधलेलं ते उलगडून बघत होते. मॅडमनी दीड वर्ष ज्या मिश्रणावर घालवलं ते रबर जमिनीवर पट्ट्यापट्ट्यांनी पडत होतं.

अकराव्या टायरला आवाज झाला नाही. एका जागी पट्टी सुळकन वर आली. रुपयाएवढी जागा गुळगुळीत, चकचकीत. मधे काळपट तांबडा डाग.

प्रकाश वाकला. त्यावर बोट ठेवलं. बाजूला खडूने लिहिलेला आकडा वाचला. "उद्याच्यात नव्हता," तो म्हणाला. "परवाच्या चारांत होता. मागचा डावा."

मी भिंतीला टेकलो. बायको म्हणते मी कुठेही बसायला जागा शोधतो. तिथे जागा नव्हती.

उरलेले पाचही कापले. ते सगळे चांगले होते.

बाहेर आल्यावर नाना गेटपाशी उभे होते. त्यांना काय म्हणायचं ते मी आतून येताना जुळवत आलो होतो, पण ऐन वेळी तोंडातून निघालं, "येतो."

"बोललात ते बरं केलंत, पावणं," नाना म्हणाले. टोपी घातली आणि आत गेले.

प्रकाशने मला दुसऱ्या दिवशी गाडीत बसवून दिलं. तोवर त्याला कळलं होतं की नानांकडून लेखी खुलासा घेतलाय. त्यांना टायर बांधण्याच्या कामावरून काढून नव्या मुलांना शिकवायच्या खोलीत बसवलंय. निवृत्तीला पाच महिने राहिलेत. म्हणजे त्यांच्या हातचा टायर आता पुन्हा होणार नाही. पाहुण्यांनी सहा आठवड्यांची मुदत दिली, उपकार केल्यासारखी. मॅडमनी दुसऱ्या दिवसापासून मिश्रण पुन्हा तयार करायला घेतलं. मी हे लिहितोय तेव्हा नवे सोळा टायर बांधून झालेत, दुसऱ्याच कोणाच्या हातचे. ते पळतील तेव्हा प्रकाशच पळवील. त्यांची निवड होईल की नाही, ते कोणालाच ठाऊक नाही.

परभणीला पोचलो तेव्हा सुनंदा दारातच होती. पाय धुवायच्या आधीच मी सगळं सांगून टाकलं. बस, कुंकू, पुरणपोळी, अकरावा टायर. मला वाटलं होतं, ती म्हणेल, बघा, म्हणूनच म्हणत होते, सोडायला सांगा त्याला ते काम. किंवा माझ्या त्या बोटाबद्दल काही बोलेल. तेवढी बोलणी माझी ठरलेलीच असतात.

ती उंबऱ्यावर बसली. पदराशी चाळा करत राहिली.

"प्रकाश धडधाकट आहे ना?"

"आहे."

"आणि ते नाना? त्यांच्या घरी जाऊन आलात निघायच्या आधी?"

मी चपला काढायला वाकलो.

"ज्यांच्या घरी जेवलात, त्यांच्या दारात जायची लाज वाटली तुम्हाला," ती म्हणाली. मग उठली, मी खाली ठेवलेली बॅग तिने परत माझ्या हातात दिली. "उघडू नका ही. रात्रीच्या गाडीची तिकिटं काढा. दोन काढा, मीही येते. तुम्हाला एकट्याला ते जमायचं नाही."